शून्य लिहिलेला अँगल

मित्रांनो, मी एक जुनी कैची आहे. कापड कापायची नव्हे बरं का! पत्र्याच्या शेडमध्ये छपराखाली लोखंडाचा मोठा त्रिकोण दिसतो, त्यालाही कैचीच म्हणतात. दिंडोरीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रावजींची टोमॅटोची शेड आहे. तिच्या मागच्या गवतात मी आडवी पडले आहे. माझा मधला सांधा फाटलेला आहे. तो कसा फाटला ते मला आजच सांगायचे आहे, कारण ज्या बाईसाठी सांगते आहे ती उद्या सकाळी पुन्हा कामावर जाणार आहे.

सन १९९१ मध्ये सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. आम्ही सात बहिणी. प्रत्येकीचे अंग अगदी साधे: दोन तिरपे अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्या, वर शेंड्याला भेटलेले, खाली दोन आडवे अँगल मधोमध एका प्लेटवर जोडलेले, आणि शेंड्यापासून त्या प्लेटपर्यंत सरळ खाली आलेला एक उभा अँगल. बस्स, पाच अँगल आणि चार सांधे. यात मिरवण्यासारखे काही नाही, हे मलाही कळते. पण पंचवीस फूट अंतरावरच्या दोन भिंतींवर पाय टेकले आणि चौदा पावसाळे छप्पर हलू दिले नाही, हे कोणी नाकारून दाखवावे!

सातांमधली मी चौथी, म्हणजे बरोबर मधली. म्हणून रावजींनी तोलायचा मोठा काटा माझ्याच मधल्या सांध्याला साखळीने टांगला. एका पारड्यात चार क्रेट, दुसऱ्यात तेवढी वजने, आणि वर काट्याची जाडजूड दांडी. तो सगळा भार सांध्यावर यायचा आणि उभा अँगल तो वर शेंड्याकडे ओढून न्यायचा. खालच्या दोन आडव्यांना त्या भाराने वाकावे लागत नसे.

काट्याखाली पोत्यावर भागीबाई बसायच्या. मोजणी त्यांच्या तोंडी असे. आमच्याकडे मोजणी ‘एक’ने सुरू करत नाहीत, ‘लाभ’ने करतात. लाभ, दोन, तीन… असे एका शेतकऱ्याचा सगळा माल उतरेपर्यंत. मोजणी मध्येच सोडणे अशुभ मानतात. सोडलीच तर सगळे क्रेट परत मांडून पुन्हा ‘लाभ’पासून सुरुवात करावी लागते, म्हणून मोजणी चालू असताना भागीबाई पाणी प्यायलासुद्धा उठत नसत. अगदीच अडले तर दुसऱ्याने पारड्यावर हात ठेवायचा, शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मोजणी आपल्याकडे घ्यायची. दहा वर्षांत अशी वेळ दोनदाच आली होती. शेतकरी म्हणत, भागीबाईंच्या मापात खोट निघायची नाही. मला त्या बाईचा फार अभिमान वाटे.

पुढे २००१ मध्ये विजेवर चालणारा काटा आला. तो जमिनीवरच बसला. जुना काटा कोपऱ्यात गेला आणि माझा मधला सांधा मोकळा झाला. पहिल्यांदा बरे वाटले, खोटे कशाला बोलू! नंतर मात्र चुकल्यासारखे होऊ लागले.

रावजींची मुलगी चैताली नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती. २००५ च्या दिवाळीच्या सुट्टीत ती वही, टेप आणि खडू घेऊन शेडमध्ये आली. तिला कॉलेजात एक काम दिले होते: घराजवळची एखादी कैची निवडायची आणि तिच्या प्रत्येक अँगलमध्ये किती जोर आहे ते काढायचे. शिडी लावून तिने मला मापले. मग खाली भागीबाईंशेजारी बसून मोठ्याने बोलत बोलत गणित सोडवले. त्यामुळे मलाही ते शिकायला मिळाले.

रीत सोपी आहे, मित्रांनो. सगळी कैची एकदम बघायची नाही. एकेक सांधा सुटा धरायचा. सांधा जागचा हलत नाही, म्हणजे त्याच्यावरचे डावे-उजवे जोर एकमेकांना फिटले पाहिजेत आणि वर-खालचेही फिटले पाहिजेत. भिंतीवरच्या सांध्याला दोनच अँगल भेटतात, म्हणून सुरुवात तिथून. भिंत वर रेटते, तेव्हा तिरपा अँगल दाबाखाली असणार. तो दाबाखाली म्हणजे आडवा ताणाखाली असणार. मग चैताली माझ्या मधल्या सांध्याशी आली. डावा आडवा डावीकडे ओढतो, उजवा उजवीकडे तेवढाच ओढतो. ते दोघे फिटले. आता खाली ओढणारे काहीच नाही, मग उभ्या अँगलने वर ओढायचे कुणाला? तिने शिडीवर चढून माझ्या तिरप्या आणि आडव्या अँगलांवर खडूने आकडे लिहिले आणि उभ्यावर ठळक शून्य काढले.

ते शून्य बरोबर होते. तिला कोणी काही म्हणाले तर मला आजही राग येतो. फक्त एक गोष्ट तिने लिहिली नाही, की हे शून्य सांध्याला काही टांगलेले नसतानाचे आहे. कॉलेजच्या वहीत ते सरांना न सांगता कळले असते. शेडमध्ये ते कोणाला कळणार?

सुट्टी संपली आणि चैताली नाशिकला परत गेली. पौषात रावजींच्या ट्रॉलीचा कणा मोडला. वेल्डिंगवाला गोरक्ष म्हणाला की एक चांगला अँगल लागेल, नाशिकहून आणावा लागेल. रावजी कंबरेवर हात ठेवून वर बघत राहिले. माणूस वाईट नाही, पण घरातली वस्तू नुसती पडून राहिलेली त्यांना बघवत नाही. त्यात लेकीचे भारी कौतुक.

“पोरीनं हिशोबानं काढलंय,” ते म्हणाले. “हा अँगल शून्य काम करतो. मग त्याला वर कशाला ठेवायचं?”

गोरक्षने माझ्या उभ्या अँगलच्या दोन्ही टोकांना गॅस-कटर लावला. उभा अँगल खाली पडला तेव्हा माझे छप्पर तसूभरही हलले नाही. रावजींनी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिले. हललेच नव्हते, तर मी तरी काय सांगणार?

त्या हिवाळ्यात ही गोष्ट रस्त्याच्या कडेच्या गावागावांत गेली. रावजींच्या लेकीने शोध लावलाय, मधला अँगल फुकटचा असतो! ज्याला लोखंड हवे तो गोरक्षला बोलवू लागला. कोणाच्या गोठ्याचा अडसर झाला, कोणाचे टाकीचे स्टँड झाले. असे अकरा शेडमधून अकरा अँगल निघाले. माझ्या अंगावर काटा आला, पण लोखंडाच्या अंगावरचा काटा कोणाला दिसतो?

मग २००६ चे लोडशेडिंग आले. दिवसाचे दहा-दहा तास वीज नाही. ऐन टोमॅटोच्या हंगामात विजेचा काटा मुका झाला. रावजींनी कोपऱ्यातला जुना काटा काढला, तेलपाणी केले आणि पूर्वीच्याच जागी, माझ्या मधल्या सांध्याला टांगला. खाली पूर्वीच्याच जागी भागीबाई येऊन बसल्या.

आता त्या सांध्याचे ऐका. डावा डावीकडे ओढतो, उजवा उजवीकडे. ते दोघे आडवे. काटा खाली ओढतो, आणि त्याला वर धरणारे कोणीच नाही. मग आडव्यांना वाकून, खाली झुकून, जेमतेम तिरपे होऊन तो भार पेलावा लागतो. त्यासाठी त्यांना मूळ भाराच्या कितीतरी पट ओढ सोसावी लागते. पहिल्याच आठवड्यात माझ्या प्लेटच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली.

मी कुरकुरले. भागीबाई म्हणाल्या, पत्रा तापलाय. मी त्यांच्या पदरावर गंज पाडला. त्यांनी तो झटकला आणि वर बसलेल्या पारव्यांना शिव्या घातल्या. भाद्रपदात एक दिवस भरलेले पारडे जमिनीला टेकले. हमाल म्हणाले, साखळी लांबली असेल, जुनी आहे. त्यांनी एक कडी कमी केली. आठ दिवसांनी पारडे पुन्हा टेकले. पुन्हा एक कडी कमी. कोणीही साखळी मापली नाही आणि कोणीही वर बघितले नाही. साखळी लांबत नव्हती हो, मी खाली येत होते! घटस्थापनेपर्यंत पाच कड्या निघाल्या आणि चीर प्लेटच्या अर्ध्यावर आली. खाली भागीबाई रोज सकाळी ‘लाभ’ म्हणत, आणि तो शब्द ऐकला की मी दोन्ही आडवे घट्ट धरून राही.

दसऱ्याच्या सुट्टीला चैताली दुपारच्या बसने आली. रस्त्यावरून देवीच्या गडावर जाणाऱ्या यात्रेकरूंचे जथे चालले होते. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती शेडमध्ये शिरली आणि वडिलांना शोधताना तिची नजर वर गेली. ती जागीच थांबली.

“अण्णा, मधला अँगल कुठंय?”

रावजी हसून म्हणाले, “ट्रॉलीला लावला की! तूच नव्हतं का लिहिलं शून्य?”

चैतालीने काट्याकडे पाहिले. माझ्या खाली झुकलेल्या पोटाकडे पाहिले. शेजारी खिळ्याला अडकवलेल्या पाच सुट्या कड्या तिला दिसल्या आणि त्या कशाच्या म्हणून तिने हमालाला विचारले. त्याने ते सांगितले. काटा बंद करा, म्हणून ती ओरडली. रावजी म्हणाले, एवढी गाडी होऊ दे. वणीकडचा शेतकरी सकाळपासून ताटकळला होता, अठरा मापे झाली होती, दोन उरली होती. हमालांनी एकोणिसावे पारड्यात चढवलेही.

चैताली धावत काट्याखाली गेली आणि भागीबाईंना उठवू लागली. त्या हलेनात.

“माप मधी सोडत नाय, पोरी. दोनच राह्यलेत.”

ओढून उठवावे तर बाई अंगाने जड. समजावून सांगावे तर वेळ नाही. चैतालीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग तिने उजवा हात पारड्यावर ठेवला.

“अठरा,” ती मोठ्याने म्हणाली. “माप माझ्याकडं आलं. मावशी, आता उठा तुम्ही.”

रीत पाळली गेली म्हणून भागीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देऊन, कुरकुरत, सावकाश उठल्या आणि चार पावले बाजूला झाल्या. चैतालीने हात काढून घ्यायला सुरुवात केली. मित्रांनो, तेवढाच वेळ मला धरून राहायचे होते. मी जिवाच्या आकांताने धरले. नाही धरवले. वेल्डिंग फाटले, सांधा सुटला आणि काट्याची दांडी तिच्या उजव्या खांद्यावर आली.

ती वाचली. तीन महिने नाशिकच्या दवाखान्यात होती. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मला खाली उतरवून इथे मागे टाकले. रावजींनी ती शेड त्या दिवसापासून उघडलेली नाही. ते संध्याकाळी इथे येऊन माझ्याजवळ बसतात, फाटलेल्या प्लेटवरून बोट फिरवतात आणि परत जातात.

चैताली दवाखान्यातून आली ती थेट गोरक्षकडे गेली. कुठून कुठून अँगल कापलेस, सगळी नावे सांग, म्हणाली. गोरक्ष ढसाढसा रडला. मग दोघे मोटारसायकलवर गावोगाव फिरले. गोरक्षने पदरचे लोखंड घालून अँगल परत जोडले. अकरापैकी नऊ शेड झाल्या. दोन मालकांनी मात्र शिडी लावू दिली नाही. त्यातला एक म्हणाला, वर्ष झालं काढून, काय झालं का?

रावजींच्या घरची माणसे शेडमागे झाडलोट करताना घरचे बोलणे माझ्याजवळच बोलतात, म्हणून मला सगळे कळते. रावजींची शेड बंद पडली तेव्हा भागीबाईंच्या हाताला काम उरले नाही. पोट कोणाला चुकले आहे? या हंगामात त्यांना दुसरीकडे मोजणीचे काम मिळाले. ते त्या दोन शेडपैकीच एकीत मिळाले.

काल चैताली त्यांना थांबवायला गेली होती. पाया पडली म्हणतात. भागीबाईंनी तिचा दुखरा हात दोन्ही हातांत घेऊन कुरवाळला आणि म्हणाल्या, “तिथला काटा नवा हाय, पोरी. तू नको घोर लावून घेऊ.”

मित्रांनो, काटा नवा आहे हे खरे आहे. मलाही काट्याची काळजी नाही, तो ज्या सांध्याला टांगलाय त्या सांध्याची आहे. तुम्ही या रस्त्याने शाळेला, गडाला किंवा मामाच्या गावाला जात असाल, तर एक काम करा. वाटेत पत्र्याची शेड दिसली की आत डोकवा आणि मान वर करा. कैचीच्या शेंड्यापासून खाली येणारा अँगल जागेवर आहे का बघा. तो नसेल आणि तिथे काटा टांगलेला असेल, तर मोठ्या माणसांना बोलवा. ती ऐकणार नाहीत, तरी बोलवा. खाली पोत्यावर एक म्हातारी बसलेली असेल आणि ती मोजत असेल. तिला नुसते ‘उठा’ म्हणू नका, ती उठणार नाही. तिचा शेवटचा आकडा नीट ऐका.