दरडोई घट

बारमालकाला आलेखांचं वेड होतं. बाकीचे बारवाले दारूविक्रेता संघाची वार्षिक पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवत, हा मात्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. देशात यंदा बिअर किती खपली, वाइन किती, कडक दारू किती, आणि सगळ्याला लोकसंख्येनं भागून दरडोई किती पडली. त्या हिशेबात तान्ह्या पोराच्या वाट्यालाही थोडी यायची. गिऱ्हाइकं त्याला 'प्रोफेसर' म्हणून चिडवायची आणि हा गडी चिडण्याऐवजी खूश व्हायचा.

बार वडिलांचा. कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर बुटक्या छताची खोली, पिंपांना जोडलेले पितळी नळ, भिंतीलगत लाकडी बाकं. वडिलांनी एक रीत घालून दिली होती. एखाद्याला पुरे झाली असं वाटलं की मालकानं स्वतः जाऊन त्याचा रिकामा ग्लास टेबलावर पालथा घालायचा. बोलायचं काही नाही. ग्लास पालथा पडला की माणसानं उठायचं आणि घरी जायचं. चांगले दांडगट, भांडखोर लोकसुद्धा त्यापुढे हूं की चूं करत नसत.

दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पुस्तकबांधणी करायचा. बोटांना कायम खळ लागलेली. संध्याकाळी तो कोपऱ्यातलं बाक धरायचा आणि त्याचा ग्लास जवळजवळ रोजच पालथा घालावा लागायचा. "मेव्हण्याचा हुकूम आला," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून तो हसत उठायचा. नातं आहे म्हणून एक ग्लास जास्त, असले लाड तिथे नव्हते.

पुस्तिकेतली बिअरची रेघ वर्षानुवर्षं खाली घसरत होती, वाइनची वर चढत होती आणि दरडोईचा एकूण आकडा हळूहळू उतरत होता. लोक बारमध्ये बसायचे कमी झाले होते, बाटली घरी न्यायला लागले होते. प्रोफेसरनं वारं ओळखलं. नळ भंगारात घातले, बाकं काढून टाकली, भिंतभर मांडण्या ठोकल्या आणि बारचं दुकान केलं. रस्त्यावरचे जे बारवाले त्याला हसले होते त्यांनी एकामागून एक कुलपं लावली. याचं दुकान मात्र जोरात चाललं. आलेख खरा ठरला याचा त्याला कोण अभिमान!

दाजीही आता बाटली घेऊन जायला लागला. सुरुवातीला, जिथे बाक होतं तिथे तो उगाच जरा वेळ रेंगाळायचा. मग तेही सोडलं. आधी बिअर मागणारा माणूस कधी कडक मागायला लागला, हे प्रोफेसरच्या ध्यानात आलं होतं. त्यानं कानाडोळा केला.

एक दिवस बहीण दुकानात आली.

"त्यांना बाटली देऊ नकोस रे."

"ताई, मी नाही दिली तर कोपऱ्यावरचं सुपरमार्केट देईल. तिथे तर माणसाच्या तोंडाकडेही कोणी बघत नाही."

"मग संध्याकाळी घरी येत जा. थोडा वेळ बस, आणि त्यांचा ग्लास पालथा घाल. मी घातला की ते परत सुलटा करतात. तुझं ऐकतील."

त्याला आधी हसूच आलं. पण ताईचा चेहरा बघून तो त्या संध्याकाळी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर न शिवलेल्या पानांचे गठ्ठे एकीकडे सरकवून दाजी बसला होता. दोघं इकडचं तिकडचं बोलले. दाजीचा ग्लास रिकामा झाला तसा हा उठला, ग्लास उचलला आणि पालथा घातला. घरात ते फार विचित्र वाटलं. दाजी क्षणभर बघत राहिला.

"बरं झालं आलास," एवढंच म्हणाला, बाटलीला बूच लावलं आणि झोपायला गेला.

ताईनं बाटली कपाटात ठेवली. बराच वेळ कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

"उद्या येशील ना?"

"येतो की!"

दुसऱ्या दिवशी मालाचा ट्रक आला. तिसऱ्या दिवशी तो दमला होता. पुढच्या आठवड्यात संघाच्या सभेत त्याला आलेखावर बोलायचं होतं. मध्ये एकदा गेला, पुन्हा एकदा गेला, मग राहूनच गेलं. ताईचा फोन आला की तो म्हणायचा, "अगं, काळजी करू नकोस. देशभरात पिणं कमीच होत चाललंय. लोक शहाणे होतायत." आणि त्याला ते मनापासून पटलेलं असायचं. आपल्याच बहिणीचा आवाज कानाशी असताना या शहाण्यानं पुस्तिकेवर विश्वास ठेवला. पुढे ताईनं फोन करणं सोडून दिलं.

दाजी त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी गेला. यकृत पार निकामी झालं होतं. "बरीच वर्षं जास्त घेत होते का?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही," ताई म्हणाली, "घरी घ्यायला लागल्यापासून." प्रोफेसर शेजारीच उभा होता.

नवी पुस्तिका आली तेव्हा रेघ आणखी खाली उतरली होती. तो कितीतरी वेळ त्या रेघेत दाजीला शोधत बसला. दाजीनं नेलेल्या बाटल्या एकूण आकड्यात कुठेतरी होत्या, आणि पिणं सोडलेल्या हजारो लोकांत वाटल्या गेल्यामुळे कुणाच्याच डोळ्यात भरत नव्हत्या. हे त्याला नव्यानं कळलं असंही नाही. दहा जण तोंड ओलं करतात आणि अकरावा सगळ्यांची पितो, हे नळापाशी उभं राहणाऱ्या कुठल्याही बारवाल्याला ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक असून तो गेला नव्हता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात गर्दी होती. मान खाली घालून तो एकामागून एक बाटल्या बिलाच्या यंत्रासमोर धरत होता, पिशवीत घालत होता. एका बाईनं पुढे केलेली बाटली त्यानं तशीच पिशवीत घातली आणि वर बघितलं तर ताई.

"कुणाला गं?"

"मलाच. संध्याकाळ जाता जात नाही रे."

पिशवी अजून त्याच्याच हातात होती.

"ताई, ठेव ती. मी येतो ना. आज येतो, रोज येतो."

ताईनं त्याच्याकडे मायेनं बघितलं, लहानपणी शाळेत सोडताना बघायची तसं. रागाचा मागमूस नव्हता.

"नको रे," ती म्हणाली. "तुला दुकान असतं."

तिनं पिशवी अलगद त्याच्या हातातून सोडवून घेतली आणि निघाली. मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं.