एका मायच्या दोघी

"ताई, कणीक जरा सैल झाली वं," शीला म्हणाली आणि काडीवर कणकेचा दोरा गुंडाळतच राहिली.

कणीक काही सैल झाली नव्हती. शीलाच्या हातून सुटणारा एकेक सरगुंडा काडीवर एकसारखा बसत होता, आणि नेमकं तेच विमलताईंना पाहवत नव्हतं.

नेर गावात जावई आंब्याच्या रसाला येणार असला की रसात बुडवून खायचे हे सरगुंडे करायला तीस वर्षं विमलताईंनाच बोलावणं यायचं. चार वर्षांपूर्वी संधिवातानं त्यांची बोटं सुजली, मग वाकडी झाली. आता त्यांची स्वतःची नात वैष्णवी चार दिवसांनी नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा येणार होती, आणि काड्या धाकट्या बहिणीच्या हातात! सुनेनं तिला परस्पर बोलावून घेतलं होतं. वर शेजारीण म्हणून गेली, "शीलाचा हात तं तुमच्यापरीस साफ आहे वो." विमलताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

महिन्याभरापूर्वी यवतमाळच्या डॉक्टर प्रेरणा मॅडमनी संशोधनासाठी दोघी बहिणींचं रक्त घेतलं होतं. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर मऊ कूर्चा असते, त्या सांगत होत्या. तिच्यातल्या प्रथिनावर साखरेचे बारीक कण असतात. चहातली साखर नव्हे, शरीरानंच लावलेली. रोगांशी लढणारे रक्तातले पहारेकरी त्या प्रथिनाला आपलं समजून सोडून देतात. काही माणसांत मात्र ती साखर पाहूनच ते बिथरतात आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात.

"एकाच मायचं दूध पेलो आम्ही," विमलताई म्हणाल्या होत्या. "मंग माहेच पहारेकरी काहून बिथरले? हिचे काहून नाही?"

"तेच तर शोधतोय, ताई."

शीलाच्या दंडात सुई गेली तेव्हा विमलताईंच्या मनात आलं होतं, हिलेही होऊ दे. एकदा तरी हिले समजू दे.

आज सरगुंडे चालू असतानाच फोन वाजला. विमलताईंनी तळहातांत धरून तो कसाबसा कानाशी नेला.

"शीलाताई का? मी डॉक्टर प्रेरणा."

शीलाचा फोन दिवसभर पोराजवळ शेतात असतो, म्हणून तिनं दवाखान्याच्या कागदावर ताईचाच नंबर लिहिला होता. हाक मारून फोन तिच्याकडे देणं एवढंच काम होतं. पण हिच्या रक्तात काय निघालं ते आधी आपल्याला कळावं, या हावेपोटी विमलताई आतल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "हो, बोला."

"तुमच्याही रक्तात तसे बिथरलेले पहारेकरी सापडलेत. आजार झालाच असं नाही, घाबरू नका. सकाळी बोटं आखडतात का?"

विमलताईंच्या काळजाला क्षणभर गार वाटलं. खोटं कशाला सांगा, वाटलं. मग आठवलं, आज आल्या आल्या शीलानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. पुढं काय असतं ते या घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. स्वतःचं पोलकं स्वतः घालता येत नाही, पोळीचा तुकडा मोडत नाही. त्यांना स्वतःची किळस आली. "आखडतात," त्या म्हणाल्या.

"उद्याच या," मॅडम म्हणाल्या. "वेळेवर औषध सुरू झालं तर सांधे वाचवता येतील."

"येते," विमलताई शीलाच्या नावानं बोलल्या.

बाहेर येऊन त्या बहिणीजवळ बसल्या. "शीले, राहू दे आता. बोटं दुखतीन."

शीलाचा हात थांबला. "सकाळपासून पाहून राह्यली मी. माह्या हातचे सरगुंडे तुले पाहवत नाही, ताई. सिद्धं सांग ना तसं."

आजवर विमलताईंच्या पोटात जे होतं तेच तिनं बोलून दाखवलं होतं. आत्ता मात्र ते नव्हतं, पण सांगणार कसं? सुनेसमोर, नातजावयाच्या तयारीत, ते दुसरं, रक्तातलं, कसं सांगायचं? बसमध्ये सांगू. शेजारी बसून, हात हातात घेऊन.

"हो," विमलताई म्हणाल्या. "नाही पाहवत."

शीलानं तोंड फिरवलं.

"उद्या सकाळच्या बसनं यवतमाळले जाचं आहे दवाखान्यात. माह्यासंगं चाल."

"सुनेले ने ना. मी कायले?"

चार वर्षांत विमलताईंनी शीलाकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता.

"माही वेणी घालून देजो," त्या म्हणाल्या. "माह्याच्यानं होत नाही."