आहेरात आलेला जहाजाचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता ताकाच्या रंगावर आलो आहे. माझ्या एका कोपऱ्यात निळ्या धाग्याने विणलेले लहानसे जहाज आहे. मित्रांनो, टॉवेल म्हटला की तुम्हाला वाटते, हा बिचारा मऊ असणार, सगळे सोसणार आणि दोरीवर गुमान वाळत पडणार. तसे टॉवेल असतीलही. मी मात्र एका माणसावर डूख धरला, तो पेटीत पडल्या पडल्या जपला आणि भर मांडवात पुरेपूर वसूल केला. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म सोलापूरच्या एका मागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मला एका मोठ्या प्रवासी जहाजावर पाठवले. ते जहाज म्हणजे एक तरंगते गावच होते. त्यात दुकाने होती, पोहण्याचे तलाव होते आणि गल्लीसारख्या लांबच लांब वाटांवर खोल्या होत्या. त्यातल्या काही खोल्या जोसेफकडे होत्या. जोसेफ आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला, नवापूरकडच्या डोंगरातला. घरी बायको मार्था आणि लहान रिबेका. तो खोल्या झाडायचा, पलंग लावायचा, न्हाणीघर घासायचा. संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की तो मला दोन्ही बाजूंनी गुंडाळत आणायचा, टोक मागे दुमडायचा, मान वर उचलायचा आणि माझा हंस करून पलंगावर ठेवायचा. मुले जेवून परत आली की आनंदाने किंचाळायची. इतका लाड माझा पुढे कोणी केला नाही.

पलंगावर बसल्या बसल्या मी एक विद्या शिकलो. कोणत्या देशाचा माणूस बक्षिसी कशी देतो, हे मला कळू लागले. अमेरिकेच्या पाहुण्यांना टीप देणे श्वास घेण्याइतके सवयीचे. त्यांच्याकडे वेटरचा संसारच तिच्यावर चालतो. ते जाताना उशीखाली वरची नोट ठेवून जायचे. ऑस्ट्रेलियाचे पाहुणे बुचकळ्यात पडायचे, कारण त्यांच्याकडे पगार आणि किंमत यांतच सगळे धरलेले असते. जपानच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला उघड्या हाताने पैसे देण्याचा फार संकोच. त्यांनी सुंदर कागदात बांधलेली मिठाई दोन्ही हातांनी जोसेफला दिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. जोसेफही तसाच वाकला. युरोपातल्या बंदरावर लोक कॉफी पिऊन उरलेली चिल्लर बशीत सोडतात म्हणे. आणि इजिप्तला उतरलेले पाहुणे संध्याकाळी कुरकुरत यायचे, की दार उघडणारा, उंट धरणारा, वाट दाखवणारा, जो तो बक्षिसासाठी हात पुढे करतो. यात कोणी वाईट नव्हते. ज्याची त्याची रीत होती.

आमच्या जहाजाची रीत अशी, की प्रत्येक पाहुण्याच्या खात्यात रोजची ठरावीक बक्षिसी आपोआप चढायची. ती खोलीवाल्यांना, जेवण वाढणाऱ्यांना आणि तळमजल्यावर आम्हाला धुणाऱ्या, कधी कोणाला न दिसणाऱ्या माणसांना वाटली जायची. पगार बेताचा असल्याने घरी पैसे जायचे ते याच वाट्यातून. ज्याला द्यायची नसेल त्याने चौकशीच्या खिडकीवर जाऊन सांगायचे, की ती काढून टाका. खिडकीवरची मुलगी मग एकच प्रश्न विचारायची, सेवेत काही कमी पडले का?

आता माझा वैरी येतो. त्याचे नाव हेमकांतराव. शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरला राहणारा, तापीकाठी उसाची शेती, शिवाय चांगली नोकरी. बायको रूपालीला घेऊन, सहल कंपनीच्या मंडळींबरोबर तो जहाजावर आला. पहिल्याच दिवशी जोसेफने त्यांचे अहिराणी बोलणे ऐकले आणि त्याचा चेहरा उजळला. मी नवापूरचा, म्हणाला. दर्यावर आपल्या जिल्ह्याचे माणूस भेटणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या दिवसापासून जोसेफने त्यांच्यासाठी काय केले नाही? सकाळी न सांगता गरम पाणी आणले. स्वयंपाकघरातून हिरव्या मिरच्या आणि लिंबे मागून आणली. रूपालीला जहाज लागले तेव्हा तिची ओकारी काढली आणि वर तिला धीर दिला.

सहल संपत आली तशी हेमकांतरावाने खात्यातली बक्षिसी पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मी तेव्हा हंस होऊन पलंगावर बसलो होतो. रूपाली म्हणत होती, राहू द्या, सगळेच देतात. तर हा म्हणाला, "जोसेफ आपला घरना माणूस शे. घरना माणूसले कोठे टीप देतस का?"

"आपला शे म्हनीसनच द्याले जोयजे," रूपाली म्हणाली.

हेमकांतरावाला ते पटले नाही. त्याच्या गावी कामाच्या माणसाला लग्नात टॉवेल-टोपी देऊन मान करायची रीत, रोज मोजून पैसे द्यायची नव्हे. इथवर मी त्याला माफ केले असते. रीत वेगळी असू शकते. पण तो खिडकीवर गेला आणि तिथल्या मुलीने कारण विचारताच, आपण कंजूष दिसू नये म्हणून, याने सांगितले की खोली नीट साफ होत नाही आणि खोलीवाला आमच्या सामानात हात घालतो. परत आल्यावर हे सगळे त्याने हसत हसत रूपालीला ऐकवले. ती पाठ फिरवून बॅग भरू लागली. मला उलटून त्याच्या तोंडावर पडावेसे वाटले, पण हंसाला तेवढे जमत नाही.

निघण्याच्या सकाळी त्याने माझी मान धरून मला सोडवले, घडी केली आणि आपल्या बॅगेत कोंबले. आठवण म्हणून, म्हणाला. थोड्याच वेळात जोसेफचा वरिष्ठ खोलीत आला. तक्रार त्याच्यापर्यंत पोचली होतीच. त्याने कपाट पाहिले, न्हाणीघर पाहिले आणि विचारले, मोठा टॉवेल एक कमी कसा? जोसेफ गोंधळून पुन्हा पुन्हा तीच जागा शोधू लागला. मी दाराशी ठेवलेल्या बॅगेत, चेनच्या आत होतो. हेमकांतराव माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि खिडकीबाहेरचा समुद्र बघत होता. त्या क्षणी मी ठरवले, मित्रांनो, की या माणसाला मी सोडणार नाही.

पुरुषोत्तमनगरला आल्यावर बॅग उपसली ती हेमकांतरावाच्या आईने, कौसाबाईने. या बाईची एक सवय. घरात कुठलाही कोरा, जाड, चांगला टॉवेल दिसला की तो वापरायला मिळत नसे, थेट आहेराच्या पेटीत जाई. लेक जे आणतो ते विकतच आणतो, अशी तिची समजूत. तिने मला कुरवाळले, चांगला शे म्हणाली आणि डांबराच्या गोळ्यांसोबत पेटीत टाकले.

पेटीतल्या अंधारात बाकीचे टॉवेल आपण कोणाच्या खांद्यावर जाणार याची स्वप्ने पाहायचे. मी एकच उजळणी करायचो. खिडकीवरचे ते खोटे आणि खोलीतले ते मुकाट उभे राहणे. राग माणसाला जाळतो म्हणतात. मला तर त्याने कसर लागू दिली नाही.

दोन वर्षांनी हेमकांतरावाच्या लेकीचे, ममताचे, लग्न निघाले. घरासमोर मोठा मांडव पडला. जेवणाचे काम तळोद्याच्या लोटन आचाऱ्याकडे होते आणि वाढणाऱ्या मंडळींचा प्रमुख होता जोसेफ. पुढचे मला नंतर समजले. त्या तक्रारीनंतर जहाजवाल्यांनी त्याला परत बोलावलेच नव्हते. मुंबईचा एजंट प्रत्येक वेळी एकच सांगायचा, तुझ्या नावापुढे चोरी लिहिली आहे, ते निघाल्याशिवाय कुठलेच जहाज तुला घेणार नाही. म्हणून तो लग्नांत वरण-बट्टी वाढत फिरत होता. हेमकांतरावाला त्याने पाहताक्षणी ओळखले. हेमकांतरावाने त्याला ओळखले नाही. आपला पलंग लावणाऱ्याच्या तोंडाकडे तो कधी नीट बघत नव्हता.

पंगती उठल्या. ममताची पाठवणी व्हायची होती. त्याआधी मानपान सुरू झाले. हेमकांतराव माईक घेऊन उभा राहिला. आमच्या घराण्यात कष्टाच्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, असे त्याने दोनदा सांगितले. लोटनचा मान झाला. मग वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला बोलावले. कौसाबाईने पेटीतून हाताला लागला तो टॉवेल उचलला. तो मी होतो. हेमकांतरावाने न बघता मला जोसेफच्या खांद्यावर टाकले, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मुद्दाम घसरलो. निळ्या जहाजाचा कोपरा बरोबर जोसेफच्या छातीवर आला.

जोसेफने खाली पाहिले. त्याचा हात कोपऱ्यावरून फिरला आणि तिथेच थांबला. मला वाटले, आता हा ओरडेल, मला हेमकांतरावाच्या तोंडावर फेकेल. मी तयारच होतो. पण त्याने नारळ खाली ठेवला, वरपक्षासमोरच्या टेबलावर मला पसरले, दोन्ही बाजूंनी गुंडाळत आणले, टोक मागे दुमडले आणि मान वर उचलली. मुलांनी गलका केला. सहलीला बरोबर गेलेली मंडळी पुढच्याच खुर्च्यांवर होती. अरे, हा तर आपल्या जहाजावरचा हंस, त्यांच्यातला एक जण म्हणाला, आणि कोपऱ्यातले चिन्ह पाहून हेमकांतरावाकडे बघू लागला. रूपालीने पदर तोंडाला लावला.

हेमकांतरावाच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी अगदी समोरून पाहिला. फार बरे वाटले.

त्याने खिशातून पाकीट काढले आणि घाईघाईने जोसेफच्या हातात कोंबू लागला. जोसेफने हात मागे घेतला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण माईक चालूच होता.

"बक्षिसी नको, साहेब. मी चोर नाही, एवढं एजंटला सांगा."

 कौसाबाई काठी टेकत पुढे आली. तिने मला निरखले, जोसेफकडे पाहिले आणि मला कुठून आणले ते लेकाला विचारले, "हेमकांत, हाऊ टॉवेल कथाईन लयना तू?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. पाहुणे बघत आहेत, घरात जाऊन बोलू, असे काहीतरी पुटपुटला. गाडी सजून उभी होती, मुहूर्त टळत होता. कौसाबाई जागची हलली नाही.

"आंडेर नंतर वाटे लावूत. पहिले याले याना मान दे."

लेकीची पाठवणी मागे टाकतात हे ऐकून वऱ्हाडी कुजबुजू लागले. तेव्हा नवरी पुढे आली. "पप्पा, बोला ना," ममता म्हणाली. "मी थांबस."

जोसेफने फोन लावून माईकजवळ धरला. एजंटने हॅलो म्हटले. हेमकांतरावाने घसा दोनदा खाकरला आणि साऱ्या मांडवासमोर बोलला, "मी हेमकांत बोलतोय. जोसेफनं खोली रोज साफ केली होती. आमच्या सामानाला त्यानं हात लावला नव्हता. बक्षिसी वाचवायला मी खोटं सांगितलं. टॉवेल मीच बॅगेत घातला होता." एजंट म्हणाला, हे जहाजवाल्यांना दाखवायला व्हिडिओ करून पाठवा. त्याची गरजच नव्हती. निम्म्या मांडवाचे मोबाईल केव्हाचे वर होते. तो व्हिडिओ जहाजवाल्यांकडे नंतर गेला, शहादा तालुक्याच्या सगळ्या ग्रुपांवर आधी. मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

काही आठवड्यांनी जोसेफला बोलावणे आले. नवापूरच्या घरी मार्थाने त्याची बॅग भरली. मला सोबत न्यायचे त्याच्या मनात होते. मीही मनातून जहाजावर पोचलो होतो. पण मार्थाने मला बॅगेतून बाहेर काढले. जहाजाचे चिन्ह असलेला टॉवेल याच्या सामानात सापडला तर पुन्हा चोरीच लागेल, म्हणाली. तिचे बरोबर होते. मी त्याला परत पाठवले आणि स्वतः मात्र आता कधीच परत जाऊ शकत नाही. हेही मी हेमकांतरावाच्याच खात्यात लिहून ठेवले आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जहाजात बसाल, दूर देशी जाल. तिथे बक्षिसी कशी द्यायची ते आधी विचारून घ्या. नोट द्या, मिठाई द्या, जशी रीत असेल तसे करा. काही देणे जमत नसेल तर तसे खरे सांगा. पण पैसे वाचवायला कोणाच्या कामाला नावे ठेवू नका. आणि माझ्यासारखे कोणी आवडले म्हणून बॅगेत घालू नका. आमच्यामागे कोणाला तरी जाब विचारला जातो.

एवढे सांगितल्यावर मी सूड विसरलो, असे समजू नका. परवा हेमकांतराव नवापूरला आला होता. चोरीच्या टॉवेलाने केलेला मान मान नव्हे, जोसेफ दर्यावर असला तरी त्याच्या दारी जाऊन रीतसर कर, असे कौसाबाईने त्याला बजावले होते. नवा टॉवेल, टोपी आणि नारळ पिशवीत घेऊन तो अंगणात उभा राहिला. मार्थाने पाहुण्याला द्यावे तसे हातपाय धुवायला पाणी दिले आणि पुसायला दोरीवरून मला काढून दिले.

त्याने मला हातात घेतले. कोपरा पाहिला. मग न पुसताच मला परत केले. पिशवीत कोरा टॉवेल होता, पण आहेराचे कापड आपण आधी वापरायचे नसते, एवढी रीत त्याला ठाऊक होती. हात गुडघ्यांवर ठेवून तो खाटेवर बसला. बोटांवरून पाणी ठिबकत होते. मार्थाने ते पाहिले आणि चहा ठेवायला आत गेली. दुसरा टॉवेल तिने त्याला दिला नाही.