धाकटीच्या हातचं

"हे तूच बघ बाई," फ्रिजचं दार तसंच उघडं टाकून थोरली नाक दाबत मागे सरली. "माझ्याच्यानं नाही होणार."

धाकटीनं वाकून पाहिलं. आधी राहून गेलेल्या कुणीतरी खालच्या कप्प्यात एक पातेलं विसरलं होतं. त्यात कधीकाळी मासा असावा. आता त्यावर करड्या रंगाची लव उगवली होती आणि कडेनं पिवळट पाणी सुटलं होतं. सुट्टीसाठी घर ठरवताना फोटोत हेच स्वयंपाकघर लखलखत होतं. प्रत्यक्षात शेगडीवर तेलाचा चिकट थर होता, सिंकच्या जाळीत कुणाचे तरी लांब केस गुंतले होते आणि भांडी घासायचा स्पंज उचलला की बोटं बुळबुळीत होत होती.

"तिला काय, सवय आहे," बाहेरच्या खोलीतून थोरले दीर म्हणाले. सगळे हसले. धाकटीही हसली.

ती शहरातल्या एका लॅबमध्ये कामाला होती. लोक घरून डब्यांमधून शौचाचे जे नमुने घेऊन येतात, ते काचेच्या पट्टीवर पसरून भिंगाखाली तपासायचं तिचं काम. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. 'तिचं ते डब्यांचं काम' एवढंच म्हणत. हिला किळस म्हणून येतच नाही, असा घरात सगळ्यांचा पक्का समज होता. खरी गोष्ट अशी, की रोज सकाळी पहिली डबी उघडताना तिच्या पोटात ढवळून यायचं. मग तोंडानं श्वास घेत ती वेळ मारून न्यायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पोटापाण्याचं काम, त्याची काय तक्रार करायची.

पातेलं घेऊन ती मागच्या दारी गेली. तिथे कुणी बघत नव्हतं, तेव्हा भिंतीला हात टेकून तिनं दोनदा कोरडी ओकारी काढली. मग चूळ भरून आत आली आणि कामाला लागली. शेगडी खरवडली, जाळीतले केस बोटांनी ओढून काढले, काट्या-चमच्यांवर वाळलेलं अंडं गरम पाण्यात भिजवून सोडवलं. दिवेलागणीपर्यंत ओटा आरशासारखा झाला.

तेव्हा थोरली केस बांधत आत आली. "तू बस आता. दमलीस. जेवणाचं मी बघते."

हे घरी चालायचं तसंच होतं. लग्न होऊन धाकटी या एकत्र कुटुंबात आली, तेव्हापासून कामांची वाटणी ठरलेली होती. स्वयंपाक थोरलीचा. भांडी, धुणी, झाडलोट आणि संडास-बाथरूम धाकटीचं. "तू बाहेरून थकून येतेस, गॅसपाशी आणखी कशाला उभी राहतेस," असं थोरली पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. धाकटीच्या मनाला ते फार भिडलं होतं. लॅबमधल्या बायका घरी जाऊन पुन्हा कणीक मळायच्या, भाज्या चिरायच्या. ती त्यांना सांगायची, "माझी जाऊ मला ओट्याला हात लावू देत नाही. सख्खी बहीण करणार नाही एवढं करते." थोरली आजारी पडली तर घरात जेवण बाहेरून यायचं. तेही तिला लाडच वाटायचे.

म्हणून या सुट्टीचं ठरलं, तेव्हा तिनं मनाशी एक बेत केला होता. घर तळ्याकाठी होतं, स्वयंपाकघर असलेलं. सासूबाईंना साखरेचा त्रास, त्यांना रोजरोज बाहेरचं चालत नाही, म्हणून मुद्दाम तसं घेतलेलं. तिथे निदान एकदा थोरलीला पाय पसरून बसवायचं आणि आयतं ताट द्यायचं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "ताई, उद्या दुपारचं मी करणार आहे. तुम्ही आत यायचंच नाही."

थोरलीनं वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. "अगं, कशाला..."

"नाही, ठरलं. बाजारात ताजे मासे आहेत, येताना बघितलेत मी."

धाकटीच्या नवऱ्यानं मान वर केली नाही. तो घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडायचा, बोलायचा कमी. "बघू उद्याचं उद्या," एवढंच म्हणाला.

सकाळी ती लेकीला घेऊन बाजारात गेली. लेक आता तिच्या खांद्याला लागली होती. दोघींनी मासे घेतले, टोमॅटो घेतले, कोवळे बटाटे निवडले. घरी येऊन धाकटीनं हात धुतले आणि शेगडी पेटवली. इतक्या वर्षांत हाताची सवय मोडली होती. कांदा जाडाभरडा चिरला गेला, भात तळाला जरासा लागला. पण टोमॅटोचा रस्सा दाट झाला, माशाचे तुकडे अख्खे राहिले, आणि झाकण काढल्यावर असा वास सुटला की लेकीनं तिथेच उभ्यानं चमचाभर रस्सा तोंडात घातला.

धाकटीनं टेबल पुसून ताटं मांडली. तेवढ्यात सगळे तळ्यावरून आले. दीर दारातच थांबले.

"चला, चपला काढू नका. पलीकडे झकास हॉटेल सापडलंय. आज बाहेर जेवायचं."

"पण मी केलंय," धाकटी म्हणाली.

"रात्री खाऊ की. पळून जातंय का?" नवरा म्हणाला. "सुट्टीला आलीस ना? आराम कर."

तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली पर्समध्ये काहीतरी शोधत होती. सासूबाई तर केव्हाच फाटकापाशी जाऊन उभ्या होत्या. धाकटीनं पातेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

हॉटेल कसलं, पत्र्याखाली मांडलेली सात-आठ टेबलं. पोऱ्यानं टेबल पुसलं त्या फडक्याला कुबट वास होता. पुसल्यावर लाकूड जास्तच ओलं आणि काळपट दिसू लागलं. पाण्याच्या ग्लासाच्या कडेला कुणाच्या तरी ओठांचा लाल ठसा होता. वाढप्यानं सूप आणलं, तेव्हा त्याचा अंगठा पहिल्या पेरापर्यंत वाडग्यात होता. वाडगा ठेवल्यावर त्यानं तो अंगठा पँटच्या पायाला पुसला. आतल्या दारातून भटारखाना दिसत होता. तिथला माणूस उघड्या अंगानं कढईवर वाकला होता आणि दंडानं कपाळाचा घाम निपटत होता.

धाकटीच्या तोंडात पाणी सुटलं, उलटी होण्यापूर्वी सुटतं तसं. तिनं चमचा खाली ठेवला.

बाकीची मंडळी मात्र मनापासून जेवत होती. दिरांच्या भातात केस निघाला. लांबलचक. त्यांनी तो ओढून काढला, टेबलाखाली झटकला आणि पुढचा घास घेतला. "काय चव आहे हो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. थोरलीनं बोटं चाटली.

"आईचा मासा पण भारी झालाय," लेक म्हणाली. "मी खाल्ला."

सासूबाईंचा हात तोंडापर्यंत जाता जाता थांबला. "खाल्लास?" त्यांनी विचारलं.

"थोडासाच. का?"

धाकटीच्या नवऱ्यानं लेकीसमोर पाण्याचा ग्लास सरकवला, "पी पाणी," म्हणाला, आणि वाढप्याला हाक मारून आणखी भात मागवला. धाकटीनं ते सगळं पाहिलं. पण पाहिलेलं लगेच कळतंच असं नाही.

दुपारी ती लेकीबरोबर तळ्याच्या काठानं लांबवर चालत गेली. उन्हं उतरताना दोघी परतल्या. लेक बाहेर झोपाळ्यावर बसली. धाकटी आत गेली, तर ओट्यावर तिचं माशाचं पातेलं स्वच्छ घासून पालथं घातलेलं होतं. भाताचंही. बाजूला थोरली भाजी चिरत होती.

"ताई, मासा?"

"वास यायला लागला होता गं. टाकून दिला."

"फ्रिजमध्ये? दोन-चार तासांत?"

थोरली चिरत राहिली.

धाकटी मागच्या दारी गेली. कचऱ्याच्या डब्यात, कालच्या त्या सडक्या माशाच्या वरच, तिचा रस्सा ओतलेला होता. तुकडे अजून अख्खे होते. त्यांवर माश्या बसल्या होत्या. तिनं वाकून वास घेतला. खालून कालची घाण येत होती. तिचा मासा मात्र सकाळसारखाच होता.

ती आत आली आणि थोरलीच्या समोर उभी राहिली.

"एक विचारते. खरं सांगा. माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही का?"

थोरलीनं सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा दुष्ट नव्हता. ओशाळा होता. "तू मनाला लावून घेऊ नकोस. आईंना पहिल्यापासूनच शिसारी येते. दिवसभर तू त्या... त्यात हात घालतेस. धुतेस, मला माहीत आहे. पण मनाचं काय करायचं?"

"आणि तुम्हाला?"

थोरलीनं चिरलेली भाजी गोळा केली. मग म्हणाली, "मलाही नाही जात घशाखाली. खोटं कशाला बोलू."

"म्हणून तुम्ही स्वयंपाक..."

"भावजींनीच सांगितलं होतं. तुमच्या लग्नानंतर. वहिनी, तेवढं जेवणाचं तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले. तिला कळू देऊ नका, म्हणाले. वाईट वाटेल तिला."

धाकटी खुर्चीवर बसली. भावजी म्हणजे तिचाच नवरा. रात्री त्याला या हातांची शिसारी येत नव्हती. ताप आला की हेच हात कपाळावर ओढून घ्यायचा. आणि सासूबाई. त्यांच्या पोटाला रोज सकाळी इन्सुलिनची सुई हीच टोचायची, त्यांची नखं हीच काढायची. सुई चालत होती. भात चालत नव्हता.

तिला आता तळहातावर चाखून भाजीचा उरलेला थेंब पुन्हा पातेल्यात झटकणारी थोरली आठवली. नाक शिंकरून त्याच हातानं फळ कापणारे दीर आठवले. दात कोरलेली काडी ताटात टाकणारा नवरा आठवला. तिनं सगळं खाल्लं होतं. त्यांची उष्टी ताटं घासली होती, त्यांच्या चुळांचं सिंक धुतलं होतं, आणि वर लॅबमध्ये त्यांचे गोडवे गायले होते. ते गोडवेच आता घशाशी आले.

बाहेर झोपाळा थांबला होता. लेक दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

नवरा फिरून आला, तेव्हा धाकटी त्याला म्हणाली, "तुम्ही मला तेव्हाच सांगायचं होतं."

त्याला विचारावं लागलं नाही, कशाबद्दल. "सांगून काय झालं असतं? नोकरी सोडली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग तुमची भांडी मी घासली नसती," ती म्हणाली.

त्यानं दाराकडे पाहिलं. मग "आई ऐकेल, हळू बोल," म्हणून बाहेर निघून गेला.

त्या रात्री ती जेवली नाही. डोकं दुखतंय असं तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. टेबलावरची ताटं तशीच पडून राहिली. सकाळी थोरली उठली, तेव्हा त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी केस विंचरत राहिली. शेवटी थोरलीनंच नाक मुरडत ताटं गोळा केली आणि पाण्याखाली धरली. सुई टोचायच्या वेळी सासूबाईंनी सवयीनं पदर बाजूला केला. धाकटीनं सुई टोचली, कापूस दाबला, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तो निघायचा दिवस होता. दुपारी दीर जाऊन त्याच हॉटेलातून जेवण बांधून घेऊन आले. पिशव्यांमधून तेल गळत होतं. टेबलाच्या एका टोकाला ते सगळं मांडलं गेलं. तोवर धाकटीनं एका शेगडीवर थोडा भात टाकला होता, दुसरीवर बटाटे परतले होते आणि दोन अंडी उकडली होती. तिनं दोनच ताटं घेतली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. कुणी हरकत घेतली नाही. कुणालाच ते बघायचं नव्हतं.

नवरा खाली मान घालून जेवत होता. त्याच्या हनुवटीला रस्सा लागला होता. मचमच आवाज होत होता. इतकी वर्षं ती या तोंडासमोर बसत आली होती आणि पुढेही बसणार होती. तिनं नजर काढून घेतली.

"ये गं, इकडे बस," सासूबाईंनी नातीला हाक मारली. "तुझ्या आवडीचं आणलंय काकांनी."

लेक हात धुऊन आली होती. ती दोन्ही टोकांच्या मध्ये, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. धाकटीनं तिला बोलावलं नाही. बोलवायचं नाही, असं तिनं पहाटेच ठरवलं होतं. तिनं आपल्या ताटात भात घेतला, अंडं सोललं, आणि दुसऱ्या ताटाकडे पाहायचं टाळलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लेक तिच्या शेजारी येऊन बसली. तिनं ताट पुढे ओढलं, बटाट्याची भाजी भातात कालवली आणि मोठा घास घेतला. पलीकडच्या टोकाला कुणीतरी चमचा खाली ठेवला.

लेकीनं घास गिळला. कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी आहे गं, आई."

लग्नानंतर तिच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवल्याचं हे पहिलंच. मग तिनं बरणी जवळ घेतली, चमचा शोधला नाही. बोटांच्या चिमटीत मीठ घेतलं आणि लेकीच्या ताटावर भुरभुरलं.