मास्तरांनी नाकारलेला चहा

मित्रांनो, मी एक जुना पितळी समोवार आहे. पोटात निखारे, भोवती पाणी, पुढे तोटी आणि डोक्यावर चहाची किटली, एवढाच माझा संसार. आता माझ्या बुडाला चीर गेली आहे, तोटी गळते, आणि किरमानच्या एका दवाखान्यात मी फडताळावर नुसता बसून असतो. खाली विजेची किटली चहा करते. करू दे बापडी, माझं तिच्याशी भांडण नाही. माझ्या मनात सलतं ते वेगळंच आहे, आणि आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बुरुजर्दच्या बाजारातला. उस्ताद हैबतुल्लांनी मला ठोकून ठोकून आकार दिला. पहिला निखारा पोटात पडला तेव्हा मी असा गुणगुणलो, की शेजारचे कारागीर हातोडी थांबवून बघायला आले. मग किरमानच्या एका गालिचेवाल्याने मला घरी नेलं. त्याच्याकडे पाहुणा आला, की दोन गोष्टी पुढे यायच्या, माझा चहा आणि अफूची नळी. निखारे एकाच शेगडीतले, काही माझ्या पोटात, काही नळीच्या तोंडाशी. यात वावगं असं कोणालाच वाटत नसे. उलट पाहुण्याने नळी नको म्हटली तर यजमान रुसून बसायचा. पुढे थोरला मुलगा नळीला लागला, मग धाकटा, आणि शेवटी गालिचेवाल्याचे स्वतःचेच हात चहाचा पेला धरेनासे झाले. घर विकलं गेलं, आणि घरासोबत मीही.

मला विकत घेतलं डॉक्टर माहदुख्त यांनी. बाईंचा व्यसन सोडवण्याचा दवाखाना होता, आणि तिथे एक संशोधन सुरू झालं होतं. अफूवाचून ज्यांचं चालत नाही अशा पुरुषांना रोज सकाळी एक गोड औषध पाजायचं, आणि कोणाला किती दिलं म्हणजे तो पुन्हा नळीकडे वळत नाही, ते पाहायचं. औषध गुणी, पण मोठं जोखमीचं. बेताने घेतलं तर माणूस सावरतो, जास्त झालं तर झोपेतच श्वास थांबतो. म्हणून ज्याला दिलं त्यानेच ते गिळलं, याची खात्री करावी लागे. इतर ठिकाणी रोग्याला आ करायला लावून तोंड तपासतात म्हणे. डॉक्टरबाईंना ते बरं वाटेना. बापाच्या वयाच्या माणसाला आ करा कसं म्हणायचं? त्यांनी युक्ती काढली. औषध घेतलं, की तिथेच सगळ्यांसमोर पेलाभर गरम चहा प्यायचा. औषध गालात धरून चहा पिता येत नाही. झालं! मी एकदम संशोधनाच्या कामाचा झालो. गावोगावचे डॉक्टर यायचे आणि यंत्रं सोडून आधी माझ्याकडे बघायचे. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

औषध आणि चहा देण्याचं काम इस्कंदरकडे होतं. अंगाने आडवा, तोंडाने मोकळा. कोणी चहा कडू आहे म्हणालं, की तो विचारायचा, "घरून निघताना बायको गोड बोलली वाटतं?" आणि रांगेतली कुढत बसलेली माणसं हसायची. त्याच्या हसण्याने निम्मं औषध लागू व्हायचं, असं मला वाटे.

एके दिवशी यदुल्ला मास्तर आले आणि अख्खी रांग उठून उभी राहिली. अर्ध्या मोहल्ल्याला त्यांनी शिकवलेलं. इस्कंदरने तर हातातली किटलीच खाली ठेवली. वर्गात पोरं गालात पिस्ते लपवायची आणि मास्तर एकेकाला आ करायला लावायचे, ही गोष्ट तो सगळ्यांना रंगवून सांगायचा. आता तेच मास्तर नाव घालायला आले होते. रोज संध्याकाळी नळी ओढायची त्यांची सवय कोणाला ठाऊक नव्हती असं नाही, पण मास्तरांबद्दल तसं बोलत कोण? नाव घातल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंना हळूच विचारलं, की बायकांसाठी असं काही आहे का. बाई म्हणाल्या, हे संशोधन पुरुषांपुरतं आहे, बायकांना वेगळी खोली लागते आणि ती अजून मिळालेली नाही. पुढच्या वर्षी बघू. कोणासाठी विचारताय, असंही त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, सहज.

ते सहज नव्हतं, मित्रांनो. माझी जागा मागच्या खिडकीत होती, धूर गल्लीत जावा म्हणून. त्या गल्लीत डोक्यापासून पायापर्यंत काळ्या चादरीत, काठीला टेकून मास्तरांची मुलगी उभी असायची. तिचं नाव तूबा. बम शहरातल्या भूकंपात घर अंगावर पडलं, नवरा गेला आणि हिची कंबर मोडली. दुखणं सोसेना म्हणून एका शेजारणीने मायेने अफूची गोळी दिली. गोळीवर गोळी, आणि त्यावर आणखी काय काय. मोहल्ल्यात कळलं असतं तर लोकांनी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नसतं.

मास्तर आत यायचे, औषध तोंडात घ्यायचे, छातीवर हात ठेवून अदबीने झुकायचे. बोलायचं नाव नाही. इस्कंदर चहा पुढे करायचा, मास्तर मान हलवायचे. तो पुन्हा करायचा, ते पुन्हा हलवायचे. तिसऱ्यांदाही मान हलली, की इस्कंदर पेला मागे घ्यायचा. आमच्याकडे तीनदा आग्रह केल्यावर चौथ्यांदा करणं म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडणं. मग मास्तर गल्लीत जायचे, खिशातून गुलाबपाण्याची बाटली काढायचे आणि तोंडातलं सगळं तीत सोडायचे. तूबा पाठ फिरवून ते प्यायची. त्या वेळी दोघंही एकमेकांकडे बघत नसत.

आणि औषध तिला लागू पडलं! आधी काठी गेली. मग चेहऱ्यावर रंग आला. एकदा ती म्हणाली, "बाबा, शेजारच्या लग्नाचे कपडे शिवायला घेतलेत मी." मास्तर भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. ती माझ्या खिडकीकडे बघून म्हणाली, "आत चहा फक्कड होत असणार. वासच सांगतोय. एकदा प्यायला पाहिजे."

"पुढच्या वर्षी," मास्तर म्हणाले.

इकडे दवाखान्यात मास्तरांची तपासणी काही सुधारेना. सुधारणार कशी? औषध पोरीच्या पोटात जात होतं आणि ते बिचारे घरी नळी ओढतच होते. डॉक्टरबाई कोड्यात पडल्या. एकदा त्यांची नजर न प्यालेल्या पेल्यावर गेली. मास्तर चहा घेत नाहीत का, त्यांनी विचारलं. "भिडस्त आहेत हो," इस्कंदर म्हणाला. "मी त्यांच्यापुढे आग्रह तरी किती करू?" बाई बरं म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याकडे वळल्या. त्या क्षणी मी पाणी खदखदवलं, झाकण वाजवलं. त्यांना वाटलं, निखारे जास्त झाले. इस्कंदरने दोन काढून घेतले.

मग बाईंनी ठरवलं, की मास्तरांना मात्रा कमी पडते आहे. वाढवली. तपासणी तशीच आली, पुन्हा वाढवली. मास्तरांनी विचारलं, जास्त तर होणार नाही ना? बाई म्हणाल्या, तुमच्या तब्येतीला मुळीच नाही. त्यांचं खरंच होतं, त्यांच्यासमोर मास्तर होते. काटकुळी तूबा भिंतीपलीकडे होती. आणि मास्तरांना वाटलं, डॉक्टर वाढवते आहे म्हणजे बऱ्यासाठीच.

गल्लीत तूबा म्हणाली, "बाबा, शिवता शिवता डोळा लागतो हल्ली."

"लागू दे गं. किती वर्षं झोपली नाहीस तू."

त्यानंतर मास्तर काही दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि अंगात सुतकाचा काळा सदरा होता. रांग उठून उभी राहिली. इस्कंदरने औषध पुढे केलं. मास्तरांनी ते बाजूला सारलं आणि म्हणाले, "चहा दे."

इस्कंदरने पेला भरला. मास्तरांनी साखरेचा खडा दातांत धरला आणि सगळा चहा सावकाश संपवला. पेला खाली ठेवला. मग आपल्या त्या जुन्या विद्यार्थ्यासमोर उभं राहून त्यांनी मोठा आ केला.

"बघ," ते म्हणाले. "आज काही नाही. माझी तूबा आठवड्यापूर्वी रात्री झोपली ती उठलीच नाही. पिस्त्यासाठी मी तुझे कान उपटले रे. तू मला एकदा तरी आ करा म्हणायचं होतंस."

इस्कंदरने किटली खाली ठेवली. डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी मास्तरांकडून सगळं ऐकून घेतलं. नंतर त्यांनी सगळ्या डॉक्टरांच्या सभेत जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ज्याला औषध लागू पडत नाही असं आम्ही लिहिलं, त्याने ते कधी गिळलंच नव्हतं, आणि जिला लागू पडलं तिला आम्ही दारात उभं केलं नाही, असं त्या म्हणाल्या. बायकांची खोली मिळाली. तूबासाठी मात्र ती फार उशिरा मिळाली.

त्या खोलीत माझा चहा बरीच वर्षं चालला. मास्तर असेतो दर गुरुवारी कबरस्तानातून येताना थांबायचे, मला राखेने घासून लख्ख करायचे आणि निघून जायचे. त्यांच्यामागे मला तसं कोणी घासलं नाही.

मला घासा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. पितळ काय, काळं पडायचंच. पण तुमच्या घरी कोणी वडीलधारं माणूस चहा नको म्हणालं, छातीवर हात ठेवून कितीही गोड हसलं, तरी त्याच्याजवळ बसा आणि का नको ते विचारा. रागावलं तर रागावू दे. आणि आधी दाराबाहेर डोकावून या. तिथे कोणी उभं असेल, तर पहिला पेला तिला द्या.