कलर मोठा

गोव्याची पोकर स्पर्धा खेळून धम्मशीला पूर्णेला परतली, तर भगवानरावकाकांनी तिला ओसरीवरच अडवलं. "जुगारी पोरगी! तीन पत्तीत उभी हयात गेली माझी. बस समोर, तुझं पोकरच खेळू."

तिनं पाच-पाच पत्ते वाटले, पैशांऐवजी चिंचोके. काकांना ओळीनं पाच पत्ते लागले. खुशीत त्यांनी होते तेवढे चिंचोके पुढं सारले. तिनंही सारले.

"सिक्वेन्स!" काकांनी पत्ते आपटले अन् ढिगाला हात घातला.

"हात काढा, काका." तिनं पाच बदाम उघडे केले. "कलर."

"सिक्वेन्सपुढं कलर काय चाटायचाय?"

"ते तीन पत्तीत. पोकरमधी कलर मोठा." ढीग तिनं स्वतःकडं ओढला. "तीन वर्षं मला जुगारी म्हणायलात. आज नियम न विचारता समदं लावून कोण बसलं?"