दंडाला कसला आडोसा?

मी एक जुना, चाकांवरचा पडदा आहे. लोखंडी चौकट आणि तिच्यावर ताणलेलं हिरवं कापड, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून हळहळू नका. मला दया नको आहे. मला राग आला आहे, तो सांगायचा आहे.

एका वेल्डरने माझ्या नळ्या जोडल्या आणि मी कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात आलो. काम मानाचं होतं. कुणाला चक्कर आली, कपडे सैल करायचे असले, की नर्सताई मला ओढून घेत. माझं कापड त्या स्वतः धुऊन इस्त्री करत, तेव्हा मी मोठ्या रुबाबात असे. बोटात सुई घुसलेल्या मुली मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. बाही वर करायची, दंडावर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आणि पुन्हा मशीनवर बसायचं. सगळं उघड्यावर, गप्पा मारत.

मग एचपीव्हीची लस आली. शरीरसंबंधांतून पसरणारा हा विषाणू सर्रास आढळतो, त्याच्यामुळे पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून लस वेळेत घेतलेली बरी, असं नर्सताईंनी समजावलं. बहुतेक मुलींनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. लग्न न झालेल्या मुलीला ही लस कशाला, असंही कुणीतरी विचारलं. तेवढ्यात सुपरवायझर बाईंनी हुकूम सोडला, की मुलींची लाज राहू दे, पडदा लावा. झालं! दंडावरच्या सुईसाठी मला मध्ये उभं केलं, आणि माझ्यामुळेच कुजबूज सुरू झाली. लपवण्यासारखं काही नसेल तर पडदा कशाला? एकेक मुलगी रांगेतून सटकली. मी नुसता धुमसत राहिलो. चाकं असली तरी मला आपलं आपण हलता येत नाही.

रांगेत एकटी काजवाली उरली. शर्टांना काजं करणारी, हाताने चपळ आणि तोंडाने फटकळ. सुपरवायझर बाई तिची सख्खी आत्या. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं आणि आता तिचं लग्नही ठरवलं होतं. सासरच्यांच्या कानावर गेलं तर नसत्या शंका घेतील, ठरलेलं मोडेल, म्हणून आत्या तिला हळूच माघारी बोलवत होती.

काजवालीने माझी चौकट धरली आणि मला सरळ भिंतीकडे ढकलून दिलं. दारात घुटमळणाऱ्या मुलींसमोर तिने बाही वर केली.

"आईला हाच कॅन्सर होता ना, आत्या? अंगावरून जात होतं, ते तिने लाजेपायी लपवलं. तुला ठाऊक होतं आणि तूही गप्प बसलीस. मी नाही लपवणार. लग्न मोडलं तर मोडू दे."

आत्याचे डोळे भरले. मग पुढे येऊन तिने भाचीची घसरणारी बाही वर धरली आणि सुई टोचून होईपर्यंत सोडली नाही.

"सासरच्यांना मी सांगते," ती म्हणाली आणि दाराकडे वळली. "पुढची कोण?"

मित्रांनो, माझं कापड स्वच्छ ठेवा, चाकांना तेल घाला. जिला खरोखर आडोसा हवा आहे, तिच्यासाठी मी कधीही उभा राहीन. पण लस घ्यायला आलेल्या मुलीने दंड लपवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या घरचे पडदे आणावेत. मी येणार नाही.